उत्तर सांगायचं नाही!

"ज्येष्ठ ग्रामस्थांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी कृतीतून उत्तम अध्ययन केले. समाजसहभाग स्तुत्य. वर्गशिक्षिकेने गटकार्याच्या नियोजनाकडे लक्ष द्यावे."

आमच्या शेरेबुकात परवा उमटलेला हा शेरा. खाली सही, तारीख, शिक्का. ती वर्गशिक्षिका म्हणजे मी, आणि ज्येष्ठ ग्रामस्थ म्हणजे आबा, जे शाळेत आले होते एसटीच्या फुकट पासाच्या भानगडीसाठी.

आमची मावळातली द्विशिक्षकी शाळा, पट 23. कागदावर दोन शिक्षकांना साठपर्यंत मुलं चालतात, त्यामुळे आम्ही चैनीतच म्हणायचं. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. परवा सर ट्रेनिंगला, म्हणजे चारही माझ्याकडे. बारक्यांना रंगवायला कागद दिले आणि तिसरी-चौथीच्या बारा जणांचे चार-चारचे तीन गट केले. चारच का, तर सहाचा गट केला की दोघं काम करतात, दोघं भांडतात आणि दोघं खिडकीबाहेर बघतात. हे मी ट्रेनिंगमधेच शिकले, पण शिकवलं म्हणून नाही. तिथे आम्हा शिक्षकांचेच सहा-सहाचे गट पाडले होते, चार्टपेपरवर एक बाई लिहीत होत्या आणि आम्ही उरलेले पाच मोबाईलमधे.

तर विषय होता काय बुडतं, काय तरंगतं. प्रत्येक गटाला एक घमेलं पाणी, लिंबू, बटाटा, खिळा, करवंटी, खोडरबर, मेणबत्तीचा तुकडा, लाकडाचा ठोकळा, आणि एक अंडं. आधी अंदाज लिहायचा, मग टाकून बघायचं, मग अंदाज का चुकला यावर डोकं खाजवायचं. मुलांची ठाम समजूत असते की जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. मग एवढासा खिळा तळाला जातो आणि त्याच्या कितीतरी पट जड ठोकळा वर राहतो, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्या एका क्षणासाठी सगळा खटाटोप, आणि त्या क्षणापर्यंत मास्तरणीने तोंडाला कुलूप लावायचं. शिक्षक नव्हे, सुलभक, म्हणजे शिकवायचं नाही, शिकणं फक्त सोपं करून द्यायचं! सामान अर्थातच माझ्या पर्समधून. तीसच्या आत पट असला की वर्षाला 10,000 रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं, त्यात वीजबिल, खडू, डागडुजी, सगळं. अंडी कुठल्या खात्यात टाकू?

चार रात्री बसून कार्डं केली होती. गटप्रमुख, लेखनिक, साहित्यमंत्री, वेळरक्षक. गळ्यात घालायला लोकर. पहिली दहा मिनिटं गटप्रमुख कोण यातच गेली, एक जण रडला, एकीने राजीनामा दिला. वेळरक्षक व्हायला तर कोणीच तयार नव्हतं, कारण वर्गातलं घड्याळ दिवाळीपासून सव्वाचारवर आहे.

आणि दारात आबा.

"म्याडम, माझा दाखला पायजे."

"नातवाचा?"

"माझा. मी ह्याच साळंचा."

भानगड अशी, की 2022 पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे आणि आबांचं आधार म्हणतं त्र्याहत्तर. आबा म्हणतात आधारवाल्या पोराने चूक केली, शाळेच्या जनरल रजिस्टरात खरी तारीख असणार, त्याचा उतारा द्या. मी म्हटलं आबा, जुनी रजिस्टरं कपाटात खाली आहेत, काढायला वेळ लागेल, मधल्या सुट्टीत या. तर म्हणाले, बसतो की, माझं नाव हाय ह्या साळंत. आणि बसलेसुद्धा, थेट दुसऱ्या गटात, मांडी घालून. गटकार्यात पाचवा मेंबर.

"ह्ये गळ्यात काय?" मुलांनी सांगितलं. आबांनी मनगट वर केलं. वर्गातलं एकमेव चालू घड्याळ! वेळरक्षकाचं कार्ड क्षणात त्यांच्या गळ्यात. मी हे तेव्हाच थांबवायला हवं होतं, पण तेवढ्यात पहिलीतल्या एकाने निळा खडू खाल्ला.

वळून बघते तर आबा जाहीर करतायत, "लिंबू तरंगनार. बटाटा बुडनार. खिळा तर बुडनारच. लिवा."

तिन्ही गटांनी लिहिलं. अंदाज म्हणून! अक्षर सुंदर, स्पेलिंग बरोबर, बारा जणांचा एकच अंदाज.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आबा, उत्तर सांगायचं नाही."

"का?"

"त्यांचं त्यांना शोधू दे."

आबा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, "म्हंजे तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"मला माहीत आहे आबा."

"मग सांगत का न्हाई?"

"पद्धत आहे तशी. मुलं स्वतः ज्ञान तयार करतात."

"आन् पगार?"

मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून हा ज्ञानरचनावाद चाललाय, त्यासाठी गाजलेल्या साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या, म्हणजे त्या भागातल्या, शाळा बघायला आमचे शिक्षक गाड्या भरभरून गेले, येऊन तिथल्यासारख्या फरशा रंगवल्या, आमच्याही फरशीवर ऑइलपेंटचा सापशिडीचा साप अजून आहे, शेपटी झिजलीय. पण "आन् पगार?" याचं उत्तर कुठल्याच मॉड्यूलमधे नाही.

अंड्यापाशी मात्र सगळं हातातून गेलं. तिन्ही गटांची अंडी तळाला. मी विचारणार होते, हेच अंडं वर आणायचं तर काय करता येईल? मुलं सुचवणार, तेल, साखर, मीठ, मग करून बघणार, चमच्याचमच्याने, नोंद ठेवत. पुढचे दोन तास त्यासाठी राखून ठेवले होते.

आबा उठले आणि खिचडीच्या खोलीतून मिठाचा अख्खा पुडा घेऊन आले. अर्ध्या बादली पाण्यात सगळा ओतला, हात कोपरापर्यंत घालून ढवळलं, अंडं सोडलं. अंडं वर! आणि वर्ग उठला, बारकेसुद्धा, कागद टाकून. मग आबांचं भाषण. भाताचं बी पेरायच्या आधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, पोकळ बी वर येतं ते काढून टाकायचं, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवायचं, सावलीत सुकवायचं, मगच रोपवाटिका, "आन् इंद्रायनी बघा मग कशी येती!" चूक काही नव्हतं हो त्यात, हेच तर जास्त लागलं. दर दोन वाक्यांनी घड्याळ बघून "धा मिन्टं झाली" हेही चालूच.

मागून खिचडीच्या मावशी. "माझं मीठ कुनी नेलं?"

"परयोगाला नेलं."

"मग खिचडीत काय तुमचा परयोग घालू?"

दोघांची जुंपली. तिन्ही गटप्रमुख मावशींच्या बाजूने, साहित्यमंत्री आबांच्या. मी "शांत बसा" म्हणून डस्टर आपटतेय, एक घमेलं सांडलेलं, सापशिडीवरून पाण्याचा ओघळ. नेमके त्याच वेळी केंद्रप्रमुख साहेब, म्हणजे आमच्या भागातल्या शाळा तपासणारे, दारात. त्यांना काय दिसलं, तर बादलीभोवती मुलं, मधे धोतरातले आबा, अंडं तरंगतंय. आणि कोपऱ्यात डस्टर घेऊन ओरडणारी मी.

साहेबांनी फोटो काढला. आबांचा. केंद्राच्या ग्रुपवर टाकला, पंचेचाळीस अंगठे आले. माझी कार्डं फोटोत दिसतात, एकच, आबांच्या गळ्यातलं.

मधल्या सुट्टीत धूळ खात रजिस्टर काढलं. सापडलं आबांचं नाव. जन्मतारीख 1 जून. त्या पानावरच्या बहुतेक सगळ्यांची 1 जून, त्या काळच्या गुरुजींनी पोरगं दारात उभं करून अंदाजाने वय लिहिलं की तारीख तीच. (बघा, अंदाज लिहायची पद्धत जुनीच आहे.) साल मोजलं तर पंच्याहत्तरीला अजून अकरा महिने बाकी.

आबांना वाईट वाटेल म्हणून मी जरा घुटमळत सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय की. तवर हितंच येत जाईन."

मावशींना मिठाचा पुडा माझ्या पैशाने आणून दिला. अंडी त्यांनी उकडली, एक आबांना. उतारा घेऊन निघताना आबांनी कार्ड काढून दिलं नाही, आणि फाटकापाशी वळून विचारलं, "मंगळवारी काय बुडवायचं?"