‘कंट्रोलर सांभाळायचा शौक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात ‘वाय-फायचा कंट्रोलर आपल्याच आवारात ठेवा’ असा लेख लिहिला होता. कंट्रोलर म्हणजे इमारतीतल्या सगळ्या ॲक्सेस पॉइंटांना (वाय-फाय देणारी छतावरची यंत्रं, थोडक्यात एपी) एका जागेवरून सेटिंग देणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर. त्यावर एका वाचकांची सविस्तर प्रतिक्रिया आली आहे. टोपणनावाने आली आहे, त्याला हरकत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांच्या मते लेखक, म्हणजे मी, २०१० सालात अडकले आहेत. नेट गेलं म्हणून क्लाउडवरून (इंटरनेटवरून, कंपनीच्या सर्व्हरवरून) चालणारे ॲक्सेस पॉइंट बंद पडत नाहीत, एवढंही त्यांना ठाऊक नसावं. सिस्कोने मेराकी ही क्लाउडवरून वाय-फाय चालवणारी कंपनी कधी घेतली ते सालही चुकलं आहे. छोट्या संस्थांत अपडेट करायला माणूस नसतो, आणि वर्षानुवर्षं पॅच न केलेला कंट्रोलर क्लाउडपेक्षा जास्त धोक्याचा. शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो : ‘ज्यांना कंट्रोलर सांभाळायचा शौक आहे त्यांनी तो खुशाल सांभाळावा, बाकीच्यांना कामं असतात.’

एरवी मी प्रतिक्रियांना दोन ओळींत उत्तर देतो. या वेळी तेवढ्यात भागणार नाही.

आधी माझी चूक. मेराकी विकत घेत असल्याचं सिस्कोने नोव्हेंबर २०१२ मध्ये जाहीर केलं, १२० कोटी डॉलरना. मी २०१४ लिहिलं होतं. घाईत झालं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे इथले जुने वाचक सांगतील.

आता शौक.

शौक गाण्याचा असतो, कबुतरांचा असतो. रात्री अडीच वाजता दवाखान्याच्या जिन्याखालच्या खोलीत, खुर्ची नाही म्हणून उपड्या बादलीवर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन कन्सोल केबल लावायची, आणि वर अतिदक्षता विभागातली सिस्टर दर दहा मिनिटांनी फोन करून ‘झालं का हो?’ विचारतेय, याला आमच्याकडे शौक म्हणत नाहीत. याला नोकरी म्हणतात. मी ती २००५ पासून करतो आहे. तुम्ही लिहिलंत, ‘बाकीच्यांना कामं असतात.’ म्हणजे आम्हाला नसतात? हे वाक्य मी तीनदा वाचलं. तंत्राबद्दल तुमचं माझं मत वेगळं असू शकतं, पण एखाद्याच्या वीस वर्षांच्या कामाला एका शब्दात छंद ठरवून मोकळं व्हायचं, ही बोलण्याची रीत नव्हे.

आणि ‘२०१० सालात अडकलेले’ याबद्दल. मी लागलो तेव्हा प्रत्येक ॲक्सेस पॉइंट सुटा होता. पासवर्ड बदलायचा तर चाळीस एपींची चाळीस पानं उघडून तेच ते चाळीस वेळा टाइप करायचं, आणि एकोणचाळीसाव्याला चूक झाली की एका वॉर्डातून तक्रार यायची. मग कंट्रोलर आले. सिस्कोने २००५ मध्ये एअरस्पेस ही कंट्रोलर बनवणारी कंपनी घेतली. २००९ मध्ये कॅपवॅप हे मानक ठरलं. त्यात एपी कंट्रोलरशी यूडीपीच्या ५२४६ आणि ५२४७ या पोर्टांवर बोलतो, एकावर हुकूम, दुसऱ्यावर डेटा. एका जागी बदल केला की चाळीस जागी पोचला. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. तेव्हा सगळं एका ठिकाणाहून चालवण्याच्या मी विरोधात आहे, असं कृपा करून कोणी समजू नये. माझं म्हणणं इतकंच आहे की ते एक ठिकाण माझ्या इमारतीत असावं. क्लाउड म्हणजे तोच कंट्रोलर, दुसऱ्याच्या इमारतीत नेऊन ठेवलेला. यात २०१० काय आणि २०२५ काय?

नेट गेलं तरी एपी चालू राहतात, हे मला माहीत आहे. क्लाउड पद्धतीत वापरणाऱ्याचा डेटा क्लाउडमधून जातच नाही. तो एपीवरून थेट स्विचवर उतरतो. क्लाउडशी फक्त सेटिंग आणि आकडेवारीची देवाणघेवाण होते. ती तुटली तर एपी शेवटच्या सेटिंगवर काम करत राहतो. माझं मूळ वाक्य होतं, ‘नेट गेलं की वाय-फाय हातातून गेलं.’ ‘हातातून’ हा शब्द तुम्ही वगळून वाचलात, म्हणून तो का लिहिला ते सांगणं भाग आहे.

ऑगस्ट २०१९. सांगलीचा पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर. मी तेव्हा एका खासगी दवाखान्याचं नेटवर्क बघत होतो. तळमजल्यावरची ओपीडी आणि औषधाचं दुकान पाण्यात. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन होत्या, दोन्ही गेल्या. मोबाइलला रेंज असली तर असली. जनरेटर गच्चीवर, त्यामुळे वीज होती. पेशंटच्या नोंदींचा सर्व्हर आणि कंट्रोलर तिसऱ्या मजल्यावर. खालचे पेशंट वर आणले, सभागृहात खाटा टाकल्या, आणि त्या सभागृहात एकही एपी नव्हता. मी आणि एका वॉर्डबॉयने गुडघाभर पाण्यातून जाऊन खालचे सहा एपी उतरवले, वर आणून खिडक्यांच्या गजांना बांधले. स्विचचे पोर्ट बदलले. नवा गट केला, एकमेकांवर आदळू नयेत म्हणून चॅनेल आणि पॉवर हाताने लावली, मदतीला बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठी वेगळं नाव देऊन वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर) एक एसएसआयडी (फोनवर दिसणारं वाय-फाय) काढला. हे सगळं बाहेरच्या जगाशी एका तारेचाही संबंध नसताना. संध्याकाळी सिस्टर टॅबवर चार्ट उघडून औषधं देत होत्या.

क्लाउडवरचे एपी असते तर? जुन्या सेटिंगवर चालू राहिले असते, अगदी तुम्ही म्हणता तसं. पण त्या दिवशी जुनं सेटिंग पाण्याखाली होतं. एपीच्या स्वतःच्या पानावर जाऊन आयपी पत्ता वगैरे बदलता येतो. नवा एसएसआयडी काढायला, वेगळा व्हीलॅन द्यायला डॅशबोर्ड (कंपनीच्या क्लाउडवरचं सेटिंगचं पान) लागतो, आणि डॅशबोर्डला नेट लागतं. ‘हातातून’ हा शब्द मी तिथून आणला आहे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे. प्रतिक्रियेत तुम्ही जाता जाता एक टोमणा मारलात की ‘आवारातल्या कंट्रोलरवाल्यांचीही सर्टिफिकेटं संपतात.’ संपतात. (सर्टिफिकेट म्हणजे यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची मुदत असलेली डिजिटल ओळख.) एका मोठ्या कंपनीच्या जुन्या ॲक्सेस पॉइंटांची इमेज (त्यांच्यात चढवायचं सॉफ्टवेअर) ज्या सर्टिफिकेटने सही केलेली होती त्याची मुदत ४ डिसेंबर २०२२ ला संपली. चालू असलेल्या एपींना काही झालं नाही, पण नवी इमेज घ्यायला गेला की एपी ‘डाउनलोडिंग’वर अडकून बसायचा. जानेवारी २०२३ मध्ये एका कॉलेजात माझे अठरा एपी असे अडकले. मी काय केलं? एनटीपी (नेटवरून घड्याळ आपोआप लावणारी सोय) बंद केला, कंट्रोलरचं घड्याळ नोव्हेंबरमध्ये मागे नेलं. एपी वेळ कंट्रोलरकडून घेतात, त्यांना सही चालू वाटली, अठराच्या अठरा चढले. मग घड्याळ पुन्हा आजच्या तारखेवर आणलं. दीड तासाचं काम. कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही, कारण घड्याळ माझ्या हातात होतं.

आता याच्या उलट बाजू. एका ट्रस्टचं इंजिनिअरिंग कॉलेज. नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही आणि कंपनीचंही नाही. तिथे एकशे दहा एपी, क्लाउडवर चालणारे, पाच वर्षांचं लायसन्स. मी सल्ला दिला नव्हता, मला नंतर बोलावलं. लायसन्स संपत आलं तेव्हा मार्चअखेर. रिन्यूअलचा पीओ (खरेदीचा आदेश) अकाउंट्सकडून ट्रस्टींच्या बैठकीत गेला, बैठक पुढे ढकलली गेली, कोरम भरला नाही. आपल्याकडे हे होतं. यात कोणी चोर नसतो आणि कोणी आळशी नसतो. करारात ३० दिवसांची सवलत होती, तीही संपली. एका सोमवारी सकाळी पोरं आली तर वाय-फाय नाही. एपी छताला होते, वीज मिळत होती, केबल शाबूत, बिघाड एकही नाही. प्राचार्यांनी वर बघत मला विचारलं, ‘सर, हे आपलेच आहेत ना?’ मला उत्तर देता येईना. पैसे भरून घेतलेली एकशे दहा यंत्रं, ट्रस्टच्या मालमत्तेच्या रजिस्टरला नोंद असलेली, दुसऱ्या कोणाच्या घड्याळावर बंद झाली होती. ते घड्याळ मी मागे नेऊ शकत नव्हतो. प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या. चार दिवस मुलांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढले.

तुम्ही म्हणाल, लायसन्स वेळेवर भरायला काय झालं? हेच वाक्य मला त्या कंपनीच्या माणसाने फोनवर ऐकवलं होतं. उत्तर तेव्हाही तेच होतं आणि आजही तेच आहे. भाड्याचं घर असेल तर भाडं चुकल्यावर बाहेर काढा. विकत घेतलेल्या घराचं दार बाहेरून बंद करू नका.

राहता राहिला अपडेटचा मुद्दा. पॅच न करणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण तो शिस्तीचा प्रश्न आहे, कंट्रोलर कुठे ठेवला याचा नाही. लॉग४जेची (जावाच्या असंख्य प्रोग्रामांत वापरलेल्या एका भागातल्या सुरक्षेच्या भोकाची) भानगड बाहेर आली तो शुक्रवार होता, १० डिसेंबर २०२१. जावावर चालणारे माझ्याकडचे कंट्रोलर सात ठिकाणी होते. शनिवारी रात्री शेवटचा अपडेट केला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. रविवारी घरी बहिणीच्या मुलाचं बारसं होतं, तिथे मी झोपेत वावरलो. ‘माणूस नसतो’ असं म्हणताना अशी माणसं आहेत, हेही कधीतरी लिहा.

आणि क्लाउडवाल्यांकडे माणसं चुकत नाहीत असं वाटत असेल तर दोन तारखा देतो. ऑगस्ट २०१७ मध्ये मेराकीच्या एका चुकीच्या धोरणामुळे ग्राहकांनी चढवलेल्या फायली उडाल्या. त्यात लॉगिन पानांची चित्रं होती, इमारतींचे नकाशेही होते. नेटवर्कचं सेटिंग वाचलं. डिसेंबर २०२३ मध्ये युबिक्विटी या वाय-फायची यंत्रं आणि कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडमध्ये एका अपग्रेडनंतर १,२१६ खाती चुकून दुसऱ्या १,१७७ खात्यांशी जोडली गेली, आणि काही लोकांना अनोळखी माणसांच्या कॅमेऱ्यांच्या सूचना स्वतःच्या फोनवर दिसल्या. त्या दोन्ही कंपन्यांकडे पॅच करायला भरपूर माणसं होती.

पन्नास शाखांची बँक, दुकानांची साखळी वगैरेंबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता. पहिल्याच परिच्छेदात ‘एका आवारातल्या संस्था’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ते न वाचता दोन परिच्छेद खर्च केलेत, त्याला मी काय करणार.

तुमच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही. कॅपवॅपबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते बरोबर आहे, आणि ते नीट, समजेल असं लिहिलं आहे. म्हणूनच शेवटचं वाक्य जास्त लागलं. ज्याला काही कळत नाही तो काहीही बोलतो, मी मनावर घेत नाही. तुम्हाला कळतं. रॅकसमोर रात्र काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असणार, आणि तरीही तुम्ही तो शब्द वापरलात.

तुम्ही कोणत्या प्रकारच्या संस्थेत काम करता, तिथे बाहेरची लाइन चोवीस तास बंद असताना एखादा एपी हलवायची वेळ आली का, आणि आली तेव्हा काय केलंत, एवढं लिहा. मी ते इथेच, लेखाखाली, एक अक्षर न कापता छापीन. तोवर ‘हातातून गेलं’ हे वाक्य लेखात आहे तसंच राहील. साल बदललं आहे.