तीन वर्षांत बांधली, मग पुढे?

पुण्यात मेट्रोचा विषय निघाला की हल्ली कुणीतरी अदिस अबाबा काढतंच. "अहो, इथिओपियासारख्या देशानेसुद्धा तीन वर्षांत लाइट रेल उभी केली, आणि आपण?" त्यातला 'सुद्धा' आधी खटकतो. मग हिशेब खटकतो.

आकडे खोटे नाहीत. मी राहतो त्या अदिसमध्ये या हलक्या शहरी रेल्वेचे 31.6 किलोमीटर, 39 स्थानकं, खर्च 47 कोटी 50 लाख डॉलर. काम 2012 च्या सुमारास सुरू झालं आणि पहिली मार्गिका सप्टेंबर 2015 मध्ये धावली. पुण्याचा पहिला टप्पा जवळपास 33 किलोमीटरचा. त्याचं भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झालं आणि स्वारगेटला गाडी पोहोचायला सप्टेंबर 2024 उजाडला. मंजूर खर्च 11,420 कोटी रुपये. शर्यत लावायचीच असेल तर अदिस जिंकलं.

पण इथली बरीचशी मार्गिका जमिनीवर, रस्त्याच्या मधोमध आहे. दोन्ही बाजूंना कठडा. काम भरभर होतं ते यामुळे, आणि त्रासही यामुळेच. अयातकडून मेगेनान्याकडे येणारा रस्ता उभा चिरला गेला. समोरच्या फुटपाथवर जायचं तर पूल नाहीतर लांबचा वळसा. कर्वे रस्त्याच्या मधोमध असा कठडा घालून दाखवा, मग बोलू.

दुसरी मेख मेस्केल चौकाजवळच्या स्टेडियमपासून लिडेटापर्यंत आहे. या पावणेतीन किलोमीटरच्या उन्नत पट्ट्यात पाच स्थानकं आहेत, आणि निळी व हिरवी अशा दोन्ही मार्गिका त्याच रुळांवरून जातात. प्रत्येक मार्गिकेवर सहा मिनिटांनी गाडी सोडायची तर इथे दर तीन मिनिटांना एक आली पाहिजे. मेक्सिको स्थानकात एकीचं दार अडकलं की पार कालिटीपर्यंत ताटकळणं आलं. रुळांची एक जोडी वाचवली, त्याची किंमत रोज मोजायची.

खरं दुखणं मात्र चाकांचं. लाइट रेल शहरातली वळणं घेते म्हणून ती स्वस्त. पण आखूड वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि झिजते. मग चाक लेथवर चढवून पुन्हा आकारात आणायचं. प्रत्येक खेपेला व्यास थोडा कमी होतो, आणि मर्यादा गाठली की चाकच बदलायचं. ते चाक डॉलरमध्ये येतं आणि तिकीट इथल्या चलनात, बिरमध्ये, विकलं जातं. सुरुवातीचं भाडं होतं 2, 4 आणि 6 बिर. तेव्हा डॉलर होता सुमारे 21 बिरला. जुलै 2024 मध्ये बिरचा दर बाजारावर मोकळा सोडल्यावर डॉलर शंभर बिरच्या पार गेला. प्रवाशाच्या खिशाला परवडणारं हे भाडं चांगलंच होतं, पण फरक कुणी भरायचा हे ठरलं नाही. एकूण 41 गाड्या आल्या होत्या. सुट्या भागांअभावी त्यातल्या बहुतेक डेपोत थांबल्या. थांबलेल्या गाडीचा भाग काढून चालतीला लावायला लागलं की ती उभी गाडी परत रुळावर येणं विसरा. परकीय चलन आणि खर्चाच्या 85 टक्के कर्ज देणारी चिनी बँक, दोन्ही दूरच. नव्याचे नऊ दिवस संपले.

तरीही सकाळी दीड वाजता (इथे तास सकाळी सहापासून मोजतात), म्हणजे तुमच्या घड्याळाने साडेसातला, डब्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून 'फसलेला आफ्रिकी प्रकल्प' असं म्हणणाऱ्यांचाही मला तेवढाच राग येतो. माणसं कमी नाहीत, फेऱ्या कमी आहेत. उरलेली गर्दी निळ्या-पांढऱ्या मिनीबसमध्ये शिरते आणि वेयाला, म्हणजे मिनीबसचा कंडक्टर, दारात लटकून "मेक्सिको, मेक्सिको" ओरडत राहतो.

'तुमच्या घड्याळाने' असं लिहून गेलो खरं. पुण्यात असतो तर 'आपल्या' लिहिलं असतं, आणि इथली मंडळी मला 'आमचा' म्हणतात असंही नाही. वनाझची गाडी रिकामी धावते की भरलेली, यावर मला बोलायचा हक्क किती, ते तुम्हीच ठरवा.

फक्त बांधायला किती वर्षं लागली हे विचारू नका. दहाव्या वर्षी पहाटे डेपोतून किती गाड्या बाहेर पडतात, चाकाचा साठा किती महिन्यांचा आहे, आणि भाड्यातून न निघणारा खर्च कुणाच्या अर्थसंकल्पात लिहिलाय, हे विचारा. नाशिकसाठी सुचवलेल्या टायरवरच्या निओ मेट्रोबद्दल वाद घालणाऱ्यांनी तर आधी टायरचंच विचारावं.