दहा फेरारी आणि मामाचे दोन लाख

परवा रात्री साडेदहाला मामाचा फोन. "अरे, ती फेरारीची पोस्ट वाचलीस का? मी दोन लाख टाकू म्हणतो." आमचा मामा भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी फुकट घेतल्याशिवाय हलत नाही. असा माणूस दोन लाख काढायला निघाला म्हटल्यावर पोस्ट वाचणं आलंच. तीनदा वाचली, आणि झोप उडाली.

पोस्टचा सारांश असा. १९६७ साली एन्झो फेरारी यांनी जगातल्या फक्त दहा निवडक श्रीमंतांसाठी 'नार्ट' ही बिनछपराची गाडी बनवली. इटालियनमध्ये नार्ट म्हणजे कला. हॉलिवूडच्या स्टीव्ह मॅक्वीनने ती सिनेमात चालवली. साडेचौदा हजार डॉलरची ती गाडी पुढे २७५ कोटी रुपयांना विकली गेली. जुन्या दुर्मिळ गाडीचा भाव कधी पडत नाही. म्हणून आता आमच्यामार्फत अशाच एका गाडीत 'वाटा' घ्या, किमान दोन लाख.

नार्ट म्हणजे कला नाही. 'नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम'ची ती आद्याक्षरं. अमेरिकेत फेरारी आयात करणारे लुइजी किनेती यांचा हा शर्यतीचा संघ. सिनेमाचंही उलटंच आहे. 'द थॉमस क्राउन अफेअर'मध्ये ही गाडी नायिका फे डनवेच्या पात्राची आहे, मॅक्वीनच्या नाही. मॅक्वीनने पुढे स्वतःसाठी एक विकत घेतली, एवढं खरं. बरं, कौतुकच करायचं होतं तर सिनेमातल्या त्याच गाडीचं खरं कर्तृत्व सांगायचं: १९६७ मध्ये अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत डेनिस मॅक्लुगेज आणि पिंकी रोलो या दोघींनी ती चालवली आणि सतरावा क्रमांक काढला. तेव्हा ती फिकट पिवळी होती, सिनेमासाठी तिला मरून रंग दिला. पण दोन बायका आणि सतरावा नंबर हे पोस्टवाल्याच्या 'राजेशाही' गोष्टीत बसणार कसं?

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते वाक्य: 'फेरारींनी मुद्दाम दहाच बनवल्या.'

मुद्दाम? किनेती हा साधासुधा एजंट नव्हता. १९४९ मध्ये फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत फेरारीला पहिल्यांदा जिंकून देणारा हा माणूस, आणि त्या चोवीस तासांतले बावीसहून जास्त तास स्टिअरिंगवर तोच होता. फेरारीच्या यादीत तेव्हा उघड्या गाड्या होत्याच. आधी २७५ जीटीएस आली, ती दोनशे बनली. मग ३३० जीटीएस आली. पण किनेतीला त्या फार सभ्य वाटायच्या. त्याला फेरारीच्याच आधीच्या कॅलिफोर्निया स्पायडर या उघड्या गाडीसारखी दणकट, शर्यतीच्या रक्ताची गाडी अमेरिकन गिऱ्हाइकांना द्यायची होती. म्हणून त्याने २७५ जीटीबी/४ ही बंद छपराची गाडी धरली. बारा सिलिंडर, ३.३ लिटर, इंजिनच्या झडपा हलवणारे चार कॅमशाफ्ट, पेट्रोल-हवा मिसळणारे सहा वेबर कार्बुरेटर, तीनशे अश्वशक्ती. मोदेनाच्या स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात तिला उघडं अंग चढवून घेतलं.

ठरल्या होत्या पंचवीस. झाल्या दहा. का? गिऱ्हाईक मिळेना म्हणून! एवढीच त्या दुर्मिळतेची कथा. आज जिच्यासाठी अब्जाधीश हात वर करतात ती गाडी १९६७-६८ मध्ये शोरूममधून हलत नव्हती. म्हणजे ज्याला पोस्टवाला दूरदृष्टी म्हणतोय ते खरं तर पडलेलं दुकान होतं. गाडी वाईट होती असं अजिबात नाही. त्या काळातल्या सर्वांत देखण्या आणि चालवायला सर्वांत गोड गाड्यांमध्ये मी तिला धरतो, कॉलेजात असताना तिचं चित्र माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. तरीही खपली नाही. भाव पुढे चढणार हे तेव्हा खुद्द किनेतीला कळलं असतं तर त्याने उरलेल्या पंधराही बनवून घेतल्या असत्या की.

आता पैशाचं. आकडा साफ खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या लिलावात एक नार्ट स्पायडर २ कोटी ७५ लाख डॉलरला गेली. पोस्टवाल्याने २७५ लाख डॉलरचे सरळ २७५ कोटी रुपये केले, तेव्हाच्या दराने ते १७० कोटींच्या आसपास होतात. त्यातही हातोडा पडला तो अडीच कोटी डॉलरवर. वरचे पंचवीस लाख लिलाववाल्यांचं कमिशन.

आणि विकणारा कोण? नॉर्थ कॅरोलिनातले एडी स्मिथ, अनाथाश्रमात वाढून पुढे धंद्यात नाव काढलेला माणूस. त्यांनी ती १९६८ मध्ये नवीकोरी घेतली. मेल्यावर पोरांना कोटी मिळावेत म्हणून नाही, चालवायला. ते गेल्यावर काही वर्षांनी घरच्यांनी ती लिलावाला काढली, पैसे दानधर्माला देतो असं जाहीर करून. म्हणजे या गोष्टीतला 'गुंतवणूकदार' शोधायला गेलं तर सापडतच नाही.

भाव पडत नाही म्हणे. सेब्रिंगवाली, सिनेमावाली ती पहिली गाडी २००५ मध्ये चाळीस लाख डॉलरलाही पोचली नाही. आठ वर्षांनी तिची बहीण जवळपास सातपट. जे असं वर उडी मारतं ते बाजाराच्या लहरीवर चालतं, आणि लहर खालीही येते. मामाला एफडीचं व्याज पाव टक्का कमी झालं तरी बँकेत भांडायला जायची सवय आहे.

शिवाय नकलांचा बाजार वेगळाच. २७५ जीटीबी/४ सुमारे तीनशे तीस बनल्या. त्यातल्या काहींची छपरं नंतर कापून 'नार्टसारख्या' केल्या गेल्या. लांबून फरक कळत नाही. म्हणून जाणकार आधी चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा ओळख क्रमांक विचारतात, रंग नाही. खऱ्या दहा गाड्यांचे नंबर जगाला माहीत आहेत. लिलावात गेलेली ती १०७०९.

या पोस्टीत नंबर नाही. गाडी कुठल्या गॅरेजात उभी आहे ते नाही. सहा कार्बुरेटर जुळवायचा, विम्याचा, जागेचा खर्च कोणाच्या माथी ते नाही. आणि पन्नास जणांचा वाटा असलेली गाडी कधी विकायची हे ठरवणार कोण? तेही नाही. आहे तो फक्त एक मोबाइल नंबर.

मी म्हटलं, "मामा, पैसे नंतर. आधी त्यांना चासी नंबर विचार." काल त्याने विचारला. समोरून नमस्काराचे दोन हात आले, गाडीचा आणखी एक फोटो आला. फोटोत नंबरप्लेटवर बोट ठेवलेलं.