वारसा मिळाला, तोही चार आमदारांचा

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा घराणेशाहीवरून जुंपली. भाचा म्हणे, मामा तुमच्या कॅनडात तरी कुठे वेगळं आहे, तुमच्या अल्बर्टा प्रांताची ती माजी मुख्यमंत्री रेचल नॉटली, तिचे वडीलही पार्टीचे नेतेच होते ना. आता इतकी वर्षं अल्बर्टात काढल्यावर यावर गप्प बसणं मला काही जमलं नाही.

वडील नेते होते हे खरंय. ग्रँट नॉटली, इथल्या एनडीपीचे, म्हणजे डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पार्टीचे. पण पार्टी केवढी, तर १९७१ पासून अकरा वर्षं विधानसभेत हा एकटाच माणूस! १९८४ ला विमान अपघातात गेले तेव्हा रेचल वीस वर्षांची, तिला कुणी उचलून खुर्चीत बसवलं नाही कारण बसवायला तशी खुर्चीच नव्हती. पुढची तीस वर्षं नेते दुसरेच लोक झाले, हिने वकिली केली, कामगारांच्या केसेस लढवल्या, २००८ ला आमदार झाली आणि २०१४ ला नेतेपद घेतलं तेव्हा पार्टीचे आमदार किती, तर चार. पुढच्याच मे महिन्यात ८७ पैकी ५४ जागा आणि बाई मुख्यमंत्री! ४४ वर्षांची कन्झर्व्हेटिव्ह सत्ता गेली, तीही तेलावर जगणाऱ्या प्रांतात, डाव्या पार्टीकडून.

तुलनाच करायची तर गोव्याची करा. १९७३ ला मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले आणि त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर लगेच मुख्यमंत्री. ताई नुसत्या शोभेच्या नव्हत्या, आधीपासून सरकारात होत्या, १९७७ ला स्वतः निवडणूक जिंकून दाखवली, पण सत्तेतली मगोप (महाराष्ट्रवादी गोमंतक पार्टी) हातात येणं आणि चार आमदारांचं दुकान हातात येणं यात काही फरक आहे की नाही?

आता इथे सगळं सभ्य वगैरे आहे असं नाही हां. तेलाचे भाव पडले, नोकऱ्या गेल्या, त्यात बाईंनी इंधनावर कार्बन टॅक्स आणला, मग काय, २०१६ ला तेलवाल्यांच्या एका गोल्फ स्पर्धेत तिचा कटआउट निशाणा म्हणून उभा केला होता. गॅसचं बिल बघून मीही चिडायचो, खोटं कशाला बोला.

पण मला भावलं ते पुढचं. २०१९ ला हरली, ६३ विरुद्ध २४. घरी बसली नाही, चार वर्षं विरोधी पक्षनेता म्हणून काढली. २०२३ ला परत हरली, ३८ जागा, समोरही बाईच, डॅनिएल स्मिथ. आणि मग काही महिन्यांत सांगून टाकलं की आता दुसरा नेता शोधा. मेंबरांनी मतं टाकली, ८६ टक्के मतं कॅलगरीचा माजी महापौर नाहीद नेन्शीला, म्हणजे ना नातेवाईक ना पार्टीतला जुना माणूस. कोर्ट नाही, चिन्ह गोठवणं नाही, हॉटेलात आमदार कोंडणं नाही.

एवढं सगळं टाईप करून पाठवलं. भाच्याचं उत्तर एकाच शब्दाचं, "ट्रुडो?"

बाप पंतप्रधान, मुलगा पंतप्रधान. मी एक अंगठा टाकला आणि झोपायला गेलो, इथे रात्रीचे साडेबारा वाजले होते.