कॉफीप्रधान देश कसा घडवावा

देशाचा कॉफी उद्योग उभारायचा तुमच्या मनात असेल तर आधी हॉटेल बुक करा. मळ्याचं नंतर बघता येईल. नागपुरात वर्धा रोडवरचं बरं पडतं, पार्किंग ऐसपैस असतं आणि विमानतळ जवळ, म्हणजे पाहुण्यांना शहर बघावं लागत नाही.

मागच्या आठवड्यात अशाच एका चर्चासत्राला बसून आलो. विषय होता ‘शेतापासून कपापर्यंत’. विदर्भाला कॉफीच्या नकाशावर आणायचं होतं, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणून झालं. निघताना प्रत्येकाला ज्यूटची पिशवी मिळाली. आत डायरी, पेन आणि कॉफीचं पाकीट. पाकिटावर धुक्यातला डोंगर, लालचुटुक फळांची फांदी आणि खाली ‘आपल्या मातीची कॉफी’. घरी येऊन चष्मा लावला, पाकीट उलटं केलं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: कॉफी 53 टक्के, चिकोरी 47 टक्के. बायको म्हणाली, “अहो, डोंगर तरी शंभर टक्के आहे का?”

आता चिकोरीशी, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीशी, माझं वैर नाही. दक्षिणेत लोक ती आवडीने घालतात, डेकॉक्शन दाट होतं, रंग छान येतो. कायद्यालाही चालते. मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं, एवढंच. म्हणजे या मंडळींनी वरून दोन टक्के औदार्य दाखवलंय. पण चिकोरी पिकते गुजरातेत जामनगर-आणंदकडे आणि उत्तर प्रदेशात एटा-अलीगडकडे. तेव्हा ‘आपली माती’ नेमकी कोणाची, हा प्रश्न पिशवीसोबत घरी आला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून या सूचना. फुकट आहेत, ठेवून घ्या.

जमीन निवडताना घाबरू नका. अरेबिका या कॉफीच्या जातीला साधारण हजार मीटरच्या वरची उंची आणि 15 ते 25 अंशांची हवा लागते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर आहे आणि मे महिन्यात इथे डांबर चपलेला चिकटतं. काही बिघडत नाही. व्यासपीठाची उंची त्यात मिळवा.

अगदीच कोणी अडून बसलं तर मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं नाव घ्या. ते अकराशे मीटरच्या आसपास आहे, इंग्रजांच्या काळापासून तिथे कॉफी आहे आणि महाराष्ट्रात कॉफीचं ठिकाण म्हणून तेच एक नाव सांगतात. परवा त्यावर एक स्लाइड होती. खरोखर एकच. एकूण किती एकर, झाडांचं वय काय, एकरी किती निघतं, असं कोणीतरी विचारलं. वक्ते म्हणाले, “गुड क्वेश्चन,” आणि पुढच्या स्लाइडवर गेले. पुढच्या स्लाइडवर ब्राझील होतं.

त्या बाजूचा एक शेतकरी आला होता. त्याला शेवटच्या रांगेत, एसीच्या बरोबर खाली बसवलं होतं. तुम्हीही तसंच करा. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव ‘शेतकरी मनोगत’ या शीर्षकाखाली सगळ्यात शेवटी टाका, म्हणजे वेळेअभावी आपोआप गळतं. चहाच्या वेळी मी त्याच्याशेजारी उभा होतो. तो म्हणाला, “कळ्या धरल्या होत्या जी यंदा. पाऊसच नाही आला वेळेवर, तं काय करता?”

या एका वाक्यात दिवसभराच्या भाषणांपेक्षा जास्त शेती होती. कॉफीची कळी तयार होऊन थांबून राहते. मार्च-एप्रिलात इंचभर पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत सगळं झाड एकदम पांढरं होतं. पुढे फळ धरायला आणखी एक सर लागते. कर्नाटकात कोडगूकडे या पहिल्या पावसाला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात आणि तो चुकला तर रोबस्टावाले (ही कॉफीची दुसरी जात) तुषार सिंचन लावून स्वतः पाऊस पाडतात. त्याला तळं लागतं, पंप लागतो, डिझेल किंवा वीज लागते. मेळघाटात एप्रिल महिन्यात पाणी कुठून आणायचं, यावर स्लाइड नव्हती.

रोगाचं नाव काढू नका. अपशकुन होतो. (1869 मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा दिसला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत तिथली कॉफी संपली आणि चहा लागला. आज श्रीलंका म्हटलं की जगाला चहाच आठवतो. तर नकोच ते.)

संशोधन केंद्र काढू नका. कर्नाटकात बाळेहोन्नूरला 1925 पासून एक चालू आहे, तेवढं देशाला पुष्कळ.

तोडणीविषयी बोलायची वेळ आलीच तर स्लाइडवर ‘वेचक तोडणी’ असे दोन शब्द टाका आणि शेजारी हसऱ्या बाईचा फोटो लावा. या बाबतीत मला जरा सविस्तर सल्ला द्यायचा आहे. कॉफीच्या एकाच फांदीवर एकाच वेळी हिरवं, पिवळं, लाल आणि वाळून काळं पडलेलं फळ असतं. त्यातलं फक्त लाल तोडायचं. म्हणजे त्याच झुडपापाशी हंगामात तीन-चारदा परत यायचं. मजुरी मात्र तुम्ही किलोवर द्या. किलोवर मजुरी दिली की बाई फांदी मुठीत धरून एका ओढीत सगळं खाली उतरवणार, आणि तिने का उतरवू नये? पैसे वजनाचे देता आणि वर चव मागता! बरं, तोडलं म्हणजे झालं असंही नाही. त्याच दिवशी फळं पाण्यात टाकायची, पोकळ आणि किडकी तरंगतात ती काढायची, साल सोलायची, बी टाकीत दिवस-दीड दिवस आंबवायची, धुवायची, मग आठ-दहा दिवस उन्हात पातळ पसरून दर थोड्या वेळाने पालथी घालत राहायची, संध्याकाळी झाकायची, कारण एका रात्रीच्या दहिवराने बुरशी धरली की केलेलं सगळं मातीत. ओल दहा टक्क्यांवर आली की थांबायचं. पाच-सहा किलो फळांतून एक किलो बी निघते. मग क्युरिंग, म्हणजे टरफल काढणं, चाळणं, प्रतवारी करणं. तो कारखाना कुठे आहे? हासन, चिकमगळूर, हुणसूर, म्हणजे सगळं कर्नाटकात. आपल्याकडे सोलायचं यंत्र कुठे आहे, वाळवायला पक्कं खळं कुठे आहे, दहा पोती झाली तर ती कोणत्या ट्रकने कुठे पाठवायची आणि भाड्याचं काय, हे विचारायला मी हात वर केला होता. माइक माझ्यापर्यंत पोचला नाही. तो पुढच्या रांगेत फिरत होता. तिथे एक गृहस्थ विचारत होते की कॉफी टुरिझममध्ये टेंट चांगले की ग्लास हाउस.

आणि ही तोडणी करणार कोण? फळं पिकतात ती दिवाळीनंतर, थंडीत. मेळघाटातल्या गावांतून कोरकू आदिवासी माणसं कामासाठी बाहेर पडतात तीही दिवाळीनंतर. पोरंबाळं घेऊन, भांडी बांधून. ज्या महिन्यांत तुमच्या स्वप्नातल्या मळ्यात हात हवेत, नेमके त्या महिन्यांत ते हात दुसऱ्याच्या शेतात किंवा वीटभट्टीवर असतात. त्यांना घराजवळ काम देऊ, अमुक दराने देऊ, दर आठवड्याला पैसे हातात देऊ, असं एक वाक्य दिवसभरात कोणी बोललं असेल तर मला दाखवा. स्टँडीवर मात्र टोपली घेतलेली आदिवासी बाई माणसाएवढी उभी केली होती. तिच्याशेजारी उभं राहून लोक सेल्फी काढत होते. आपण नागपुरात हॉटेलच्या लॉबीत उभ्या आहोत, हे त्या बाईला ठाऊक तरी असेल का?

असो. चिडायचं नाही असं ठरवलं होतं. उपरोध म्हणजे कसा थंड हवा.

परदेशी उदाहरण हवंच असेल तर कोलंबियाचं घ्या. डोक्यावर टोपी, शेजारी खेचर, असा त्यांचा शेतकरी जाहिरातीतून जगभर पोचला. आपणही पाकिटावर काहीतरी छापू या, असं परवा ठरलं. ते खेचर जाहिरातीत यायच्या तीस वर्षं आधी, 1927 मध्ये, तिथल्या उत्पादकांनी आपला महासंघ काढला होता. 1938 मध्ये स्वतःचं संशोधन केंद्र काढलं. शेतकरी माल घेऊन आला की महासंघ तो विकत घेणारच, अशी खरेदीची हमी उभी केली. खेचर सगळ्यात शेवटी आलं. आपण खेचरापासून सुरुवात करतो.

आंध्रातल्या अराकूचंही तसंच. तिथल्या आदिवासींची कॉफी पॅरिसला पोचली, 2017 मध्ये दुकान निघालं. त्या दुकानाचा फोटो दाखवला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. रोपवाटिका, सावलीची झाडं, सहकारी संस्था, गावोगाव फिरून फळ कसं तोडायचं ते शिकवणारी माणसं, यांचा फोटो नव्हता. त्याला टाळ्या कोण देणार?

भाव शेतकऱ्याला लगेच कळू देऊ नका. पूर्वी बरं होतं. मळेवाल्याने सगळा माल सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे सामाईक साठ्यात, घालायचा आणि पैशाचे हप्ते येत राहायचे. हळूहळू ढिलं होत 1996 मध्ये संपलं ते. आता त्याला फोनवर लंडन-न्यूयॉर्कचा भाव दिसतो आणि उगाच झोप उडते.

भौगोलिक मानांकन मिळवा. चिकमगळूर, कोडगू, वायनाड, अराकू, बाबाबुडनगिरी यांना 2019 मध्ये मिळालंच आहे. आपल्या संत्र्यालाही आहे. संत्र्याचं पुढे काय झालं, ते नागपूरकरांना मी सांगायला नको. बांगलादेशने आयात शुल्क वाढवलं की वरुड-मोर्शीत काय होतं, आणि रसाच्या कारखान्याची घोषणा आपण कितव्यांदा ऐकतोय, तेही नको.

कप हा मात्र आपला हातखंडा. त्यासाठी भिंत सिमेंटची ठेवा, रंग देऊ नका. दिवा लांब वायरवर टांगा. मेनूत साध्या कॉफीचं नाव तिसऱ्या पानावर असू द्या. धरमपेठेतल्या अशाच एका ठिकाणी मित्राने नेलं. 280 रुपयांची कॉफी आली, सोबत छोटं कार्ड, त्यावर पुन्हा डोंगर. मी त्या मुलाला विचारलं, “ही कुठल्या जिल्ह्यातली?” तो म्हणाला, “सर, मशीन इटलीचं आहे.” मी म्हटलं, “मशीन नाही रे बाबा, बिया.” तो आत जाऊन विचारून आला. “सर, बिया प्रीमियम आहेत.” पोरगा बिचारा अदबशीर होता, त्याला कोणी काही शिकवलेलंच नव्हतं. गंमत म्हणजे इटली हा आपल्या कॉफीचा मोठा गिऱ्हाईक. देशात जे पिकतं त्यातलं दोन तृतीयांशाहून जास्त आपण बाहेर पाठवतो, त्यात इटलीचा वाटा पहिला. म्हणजे बिया तिकडे जातात आणि मशीन इकडे येतं. याला म्हणतात मूल्यसाखळी.

हिशेब करून बघू नका, पण मी केला. एक किलो भाजलेल्या बियांत साधारण साठ कप होतात. गुणिले 280, म्हणजे 16,800 रुपये. बाजारातल्या साध्या अरेबिकाच्या कच्च्या बियांचा किलोचा भाव एवढ्या तेजीतही हजाराला टेकलेला नाही. भाजताना वजन घटतं, जागेचं भाडं असतं, पगार, दूध, वीज, सगळं मान्य. कॅफे चालवणं खायचं काम नाही, हेही मान्य. पण एवढ्या मोठ्या आकड्यात त्या झुडपाच्या गावाचं नाव लिहायला शाईसुद्धा उरत नाही?

आता उपरोध पुरे, सरळच बोलतो.

तुम्हाला कॉफी उद्योग नको आहे. तुम्हाला कार्यक्रम हवा आहे. देशातले जवळजवळ सगळे कॉफी उत्पादक, शंभरातले अठ्ठ्याण्णव, दहा हेक्टरच्या आतले छोटे लोक आहेत आणि तुमच्या व्यासपीठावर त्यांच्यातला एकही नव्हता. चाळीस खुर्च्यांच्या गालिच्यावर जेवढा खर्च झाला त्यात चिखलदऱ्याला एक सोलणी यंत्र आलं असतं आणि वाळवायला खळं झालं असतं. मी त्या शेतकऱ्याला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? तो म्हणाला, “खळं पाहिजे जी, आन् वजनकाटा बरोबर पाहिजे.” दोनच गोष्टी. तुमच्या ठरावात सतरा कलमं आहेत, त्यात खळं नाही की काटा नाही. लाज वाटायला पाहिजे होती. निम्मी चिकोरी भरून वर ‘आपली माती’ छापताना तर नक्कीच.

आणि आपणही काही कमी नाही. टपरीवर चहा दोन रुपयांनी महाग झाला तर आपण अर्धा तास भांडतो. 280 रुपये देताना मात्र तोंड मिटून देतो, वर फोटो टाकतो. विचारा ना! कुठली आहे, भाजली कधी, चिकोरी किती. उत्तर आलं नाही तर उठा आणि बाहेर या. भाजल्याची तारीख पाकिटावर नसेल तर ते घेऊ नका, दुकानदाराला परत करा, त्याचं तोंड वाकडं झालं तरी करा. आयोजकांनो, पुढची बैठक डिसेंबरात ठेवा आणि चिखलदऱ्याला ठेवा. तोडणी चालू असेल. बूट घालून या, तोडणाऱ्या बाईला दिवसाकाठी किती मिळतात ते तिलाच विचारा, आणि तो आकडा तुमच्या पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाका.