‘३० दिवसांत १२,००० वाचवा’: त्या संदेशातली बचत कुठून येते ते बघा

गेले पंधरा दिवस गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतोय. ‘३० दिवस काटकसर चॅलेंज: चौघांचं घर, महिन्याला १२,००० रुपये बचत, नक्की!’ खाली सात कलमं. रात्री १० ते सकाळी ६ फ्रीज बंद ठेवा, विजेचं बिल अर्धं होतं. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरा आणि उरलेले पैसे बचत खात्यात टाका. विम्याचे हप्ते महिनाभर थांबवा. यंदा पुरुमेंत (पावसाळ्यासाठी आधीच भरून ठेवायचा घरचा साठा) करू नका, साठा म्हणजे अडकलेला पैसा. तळणीचं तेल महिनाभर तेच वापरा. मासळी बंद करा. आणि शेवटी, रोजचा खर्च वहीत लिहा, आठवड्यातले दोन दिवस एक रुपयाही खर्चू नका.

माझ्या आत्याने यातलं पहिलं कलम अमलातही आणलं. रोज रात्री फ्रीजचं बटण बंद, आणि त्याच फ्रीजमध्ये बांगडे. त्यामुळे सुरुवात फ्रीजपासूनच.

फ्रीजच्या दारावर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं ताऱ्यांचं लेबल असतं. वर्षाला किती युनिटं लागतात ते त्यावर छापलेलं असतं. दोनशे-अडीचशे लिटरच्या घरगुती फ्रीजवर तो आकडा साधारण २०० ते २५० च्या घरात असतो. २४० धरू, म्हणजे महिन्याला २० युनिटं. तुमच्या घरात महिन्याला २०० युनिटं जळत असतील तर अख्खा फ्रीज त्याचा दहावा हिस्सा झाला. दहाव्या हिश्श्याची वस्तू दिवसाचे आठ तास बंद ठेवून बिल अर्धं होणार कसं? संदेश पुढे ढकलण्याआधी एवढा साधा हिशेब कोणीच करू नये?

शिवाय त्या आठ तासांची वीजही पूर्ण वाचत नाही. फ्रीज वीज खातो ती आत शिरलेली उष्णता बाहेर काढायला. बटण बंद केलं तरी उष्णता शिरतच राहते, आणि सकाळी कॉम्प्रेसर ती सगळी एका दमात उपसतो. फरक पडतो तो इतकाच: आतलं तापमान चढलं की बाहेरची उष्णता जरा सावकाश शिरते. बाहेर २८ अंश, आत ४ अंश, म्हणजे २४ अंशांचा फरक. रात्रभरात आत १४ अंश झाले तर सरासरी फरक १९ वर येतो. म्हणजे आठ तासांच्या विजेतला जेमतेम पाचवा भाग वाचला. २० युनिटांचा तिसरा हिस्सा पावणेसात, त्याचा पाचवा भाग सव्वा ते दीड युनिट. युनिटला ५ रुपये धरले तरी महिन्याला सात रुपये.

आता या सात रुपयांपायी काय बिघडतं ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत स्पष्ट म्हटलंय की नाशवंत अन्न ५ अंशांच्या खाली ठेवा आणि शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका. इथे रोज आठ तास. सगळ्यात आधी बिघडतं ते किसलेलं खोबरं आणि हुमणाचं (मासळीच्या कालवणाचं) वाटप. सकाळी डबा उघडला की आंबूस वास येतो, बोटाला चिकट लागतं. ते दिसतं, वास येतो, आपण टाकून देतो. एक वाटप टाकलं की नारळासकट महिन्याभराचे सात रुपये गेलेच.

मासळीचं तसं नाही. बांगडा, तारले (सार्डिन), कुप्पा (ट्यूना) या मासळीत हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. गारवा गेला की मासळीवरचे जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, परत गोठवूनही जात नाही. आणि बऱ्याचदा वासही येत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडतं. आपल्याकडे ‘मासळी बाधली’ म्हणतात आणि दोष मासळीवालीला देतात. फ्रीझरमधल्या पिशवीच्या तळाशी लालसर पाणी साठून त्याचा पुन्हा बर्फ झालेला दिसला, तर समजा की मासळी मधे वितळून पुन्हा गोठली आहे. तो तुकडा खाऊ नका.

फ्रीजची वीज खरंच वाचवायची तर हे करा. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर सैल आहे. आपल्या दमट हवेत त्या रबरावर काळी बुरशी धरते, ती साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुष्कळदा दार पुन्हा घट्ट बसतं. साध्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की वितळवून काढा. मासळी साफ करून, पाणी निथळून, एका जेवणापुरती एकेका पिशवीत चपटी पसरून ठेवा, म्हणजे लवकर गोठते आणि एका वेळी एवढीच काढता येते.

आणि बिल कमी करायचं तर नजर छताकडे वळवा. जुना पंखा ७५ वॉटचा. गोव्यात तो दिवसाला १५ तास सहज फिरतो, म्हणजे महिन्याला जवळपास ३४ युनिटं. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा तेवढंच वारं २८ वॉटमध्ये देतो, साडेबारा युनिटांत. एका पंख्यामागे २१ युनिटं वाचली, अख्ख्या फ्रीजएवढी. पंखा अडीच-तीन हजारांना पडतो आणि ५ रुपये दराने महिन्याला शंभरेक रुपये वाचतात, म्हणजे पैसे सुटायला दोन-अडीच वर्षं लागतात. दर कमी असेल तर अजून जास्त. तीस दिवसांच्या वहीत हा पंखा तोट्यात दिसणार, आणि म्हणूनच तो त्या संदेशात नाही.

दुसरं कलम क्रेडिट कार्डाचं. फ्रीजचं कलम चुकीचं आहे, हे मात्र घर बुडवणारं आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत बँकांना बिलावर ठळक इशारा छापायला सांगितलंय: दरमहा फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि बाकीवर चक्रवाढ व्याज चढेल. तुमच्या स्वतःच्या बिलावर हे वाक्य आहे. ते वाचा आणि मग हा संदेश वाचा.

आकड्यांत सांगतो. बिल ४०,००० रुपयांचं, किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे २,००० भरले. ३८,००० उरले. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९. पुढचं बिल ३९,५६९ रुपयांचं. दोन हजार भरले आणि कर्ज उतरलं ४३१. असंच बारा महिने केलं, नवी एकही खरेदी केली नाही, तरी वर्षात सुमारे २२,६०० रुपये भरून होतात आणि डोक्यावर ३५,१०० च्या वर बाकी राहते. त्याच निर्देशांत आणखी एक गोष्ट आहे. मागच्या बिलातली थोडीशीही बाकी राहिली तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत जाते. म्हणजे किमान रक्कम भरून त्याच कार्डावर किराणा घेतलात, तर तांदळावर पहिल्या दिवसापासून व्याज. आणि हे सगळं कशासाठी, तर उरलेले पैसे बचत खात्यात टाकायला, जिथे वर्षाला अडीच-तीन टक्के मिळतात. इकडे वर्षाला ४२ टक्के देऊन तिकडे तीन टक्के घ्यायचे, याला संदेशात ‘बचत’ म्हटलंय.

बाकी अंगावर असेलच तर क्रम असा ठेवा: आधी कार्ड वापरणं थांबवा, मग घरातली मुदत ठेव मोडून किंवा कमी व्याजाचं सोनेतारण घेऊन कार्डाची बाकी एकदम मिटवा. ते जमत नसेल तर बँकेकडे बाकीचे हप्ते करून मागा, पण त्याचा व्याजदर आणि प्रक्रिया शुल्क आधी लेखी घ्या.

विम्याचं थोडक्यात. गाडीचा थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तो संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. आरोग्य विम्याचा हप्ता भरायची सवलतीची मुदत चुकली तर पॉलिसी तुटते, आणि नव्या पॉलिसीत मधुमेह-रक्तदाबासारख्या आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. ‘आपल्याकडे दीनदयाळचं कार्ड आहे की’ असं संदेशाखाली कोणीतरी लिहिलंय. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत आधार देते, पण ठरलेल्या उपचारांना आणि कार्ड चालू असेल तरच. कार्डावरची तारीख आजच बघा.

पुरुमेंताला उधळपट्टी म्हणणाऱ्याने गोव्यातला पावसाळा स्वयंपाकघरातून पाहिलेला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग. मे महिन्यात उन्हात खडखडीत वाळलेली सुकी सुंगटं (कोळंबी), सोलां (आमसुलं), चिंच, हरमल-खोल्याची मिरची घरात असली तर तेच दोन महिने निभतात. संदेशात अर्धी गोष्ट खरी आहे, ती मान्य करतो: अंदाज न घेता केलेला साठा वाया जातो. सुकी मासळी हवेतला ओलावा ओढते, मऊ पडते, बुरशी धरते. मिरचीला आतून जाळी लागते. म्हणून आणल्यावर अजून दोन कडक उन्हं द्या, पूर्ण निवल्यावरच हवाबंद डब्यात भरा, आणि एक मोठा डबा भरण्यापेक्षा पंधरा-पंधरा दिवसांचे लहान डबे करा. एकच डबा पुन्हा पुन्हा उघडला की सगळ्यालाच दमट हवा लागते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जुने डबे रिकामे करून किती उरलं ते तोलून लिहून ठेवलंत, तर यंदा किती घ्यायचं ते आपोआप कळतं.

तेलाला दोनच ओळी पुरेत. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल खराब होताना त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे, आणि फार तर तीनदा, असा सल्लाही आहे. मासळी तळलेल्या तेलात रव्याचे कण जळून बसतात, ते तेल तर गाळूनही टिकत नाही. रवा लावलेला तुकडा तव्यावर दोन-तीन चमचे तेलात होतो, उरायला तेल ठेवूच नका.

मासळी बंद केल्याने किती वाचतं ते श्रावणातल्या वहीवरून पाहा. मासळीचा आकडा शून्य होतो, पण पनीर, सुका मेवा आणि रानातल्या अळमींचा (अळंब्यांचा) चढतो. इसवणाऐवजी (सुरमईऐवजी) तारले घेतले तर पोषण न सोडता खर्च उतरतो. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीच्या दरात मिळते, पण सकाळी लवकर गेलात तरच निवड राहते.

आता शेवटचं कलम. रोजचा खर्च लिहायचा, हे बरोबर आहे. शून्य खर्चाचे दिवसही उपयोगी, पण आदल्या संध्याकाळी दुप्पट खरेदी झाली तर त्याला अर्थ नाही. वहीत एक दुरुस्ती मात्र करायला हवी, नाहीतर तीस दिवसांचा कुठलाही हिशेब फसवतो. वर्षातून एकदा येणारे खर्च आधी मांडा. समजा, गाडीचा विमा ६,०००, आरोग्य विमा १८,०००, जूनमधली शाळा १२,०००, पुरुमेंत ८,०००, चवथ (गणेश चतुर्थी) १५,०००, पावसाआधी कौलं फिरवायला ५,०००. बेरीज ६४,०००, भागिले बारा, ५,३३३ रुपये. पगार आला की हे ५,३३३ पहिल्याच दिवशी बाजूला पडले पाहिजेत, आणि ‘वाचले’ म्हणायचं ते त्यानंतर उरलेल्या पैशांना. हे न करता ऑक्टोबरात वही धरलीत तर १२,००० वाचल्यासारखे दिसतील, आणि चवथीला तेच पैसे कार्डावरून उचलावे लागतील.

हे पैसे ठेवायला बारा महिन्यांची आवर्ती ठेव सोयीची. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, या कामाला चालत नाही. ठेव बँकेत ठेवा. पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकेतल्या ठेवीला आहे, पतसंस्थेतल्या नाही.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवलाय त्यांनी त्याच गटात जाऊन निदान फ्रीजचं आणि कार्डाचं कलम चुकीचं आहे एवढं लिहावं. आणि ते आज रात्री दहाच्या आत लिहावं, बटणं बंद व्हायच्या आधी.