समजा, कांदा आहे

काल संध्याकाळी नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात मी नवऱ्याचा ट्रेकचा हेडलॅम्प डोक्याला बांधून कोथिंबीर चिरत होते, आणि नेमके तेव्हाच खालच्या मजल्यावरचे काका विरजण मागायला आले. दुसरं कोणीही चाललं असतं.

दोन महिन्यांपूर्वी ओटा फोडला तेव्हाची गोष्ट. घरभर राडारोडा. वायरमन भिंतीवर पेन्सिलीने फुल्या मारत पॉइंट मोजत होता. (हे लोक पैसे पॉइंटवर घेतात, म्हणून त्यांना प्रत्येक भिंत रिकामीच दिसते.) काका "आवाज येत होता, सहज आलो" म्हणत, चपला हातात धरून आत आले.

"लाइट कुठे घेताय?"

"छताला, मधोमध. दोन-दोनच्या ओळीत चार पॅनल."

"स्वयंपाक छतावर करणार का?"

नवरा हसला. त्याचा हिशोब बाकी आहे.

"इकडे या, उभ्या राहा. हा तुमचा ओटा." काकांनी चपला हवेत आडव्या धरल्या. "हं, चिरा."

"काय चिरू?"

"कांदा!"

"कुठाय कांदा?"

"अहो, समजा ना!"

मी, एम. कॉम., बावीस वर्षं या घराला जेवू घालणारी बाई, वायरमन, पीओपीवाला आणि त्याचा पोऱ्या यांच्यादेखत काकांच्या चपलांवर नसलेला कांदा चिरू लागले. काकांनी वायरमनला त्याच्या मोबाइलचा टॉर्च माझ्या डोक्यामागे वर धरायला लावला.

"दिसतोय का कांदा?"

"नाही."

"बघा! सावली! तुमचंच डोकं आडवं येतंय." मग जरा वाकून, "आणि बोटं आत घ्या. असा चिरतात होय कांदा?"

हे कोण विचारतंय, तर ज्यांना पाण्याचा तांब्याही हॉलमध्ये आणून द्यावा लागतो ते. विळी घरात कुठे असते, हे काकूंनी त्यांना आजवर कळू दिलेलं नाही.

"दिवे पुढे घ्या. ओट्याच्या कडेच्या बरोबर वर. नाहीतर वरच्या कपाटाच्या खाली एलईडीची पट्टी."

बरोबर होतं त्यांचं. मला तेव्हाच कळलं होतं, चिडचीड त्याचीच आहे. ओटा दोन फुटांचा, त्याला टेकून मी, आणि दिवे भिंतीपासून साडेतीन फुटांवर. म्हणजे उजेड माझ्या पाठीवर पडणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. पण पोऱ्या अजून हसत होता. मी वायरमनला म्हटलं, "मधोमधच घ्या. काटकोनात."

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात वायरला लोंबकळणारा साठ वॅटचा एकच पिवळा बल्ब होता. त्याखाली तिने चौघांचा स्वयंपाक केला, वर आमची अक्षरं किती गिचमिड आहेत तेही तिला दिसायचं. माझे चार पॅनल मिळून अठ्ठेचाळीस वॅटचे, उजेड त्या बल्बच्या पाच-सहापट. आणि रंग ६५०० केल्विन, कारण "पांढराच घ्या मॅडम, झगझगीत वाटतं." वाटतं ना! कांदेपोहे असे दिसतात, की आता सलाइन लावावं लागेल. खोक्यावर ४०००चाही, म्हणजे जरा सौम्य उजेडाचा, पर्याय असतो, हे बिल झाल्यावर कळलं. दुकानदाराने सगळी माहिती नवऱ्याला दिली, आणि त्याने ऐकली नाही.

आता कपाटाखाली पट्टी लावायची, तर तिथे पॉइंटच नाही. वायरमन म्हणतो, "झिरी मारावी लागेल, टाइल फोडून." टाइल परवाच लागली आहे. "तेव्हाच बोलायचं ना मॅडम," हेही तोच म्हणतो, ज्याने तो टॉर्च धरला होता.

तर काल काका दारात. मी हेडलॅम्प काढायला गेले, तर पट्टा केसांत अडकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोथिंबिरीकडे, मग सावकाश मान वर करून चारही दिव्यांकडे. वाटी पुढे केली.

"छत मात्र छान दिसतंय हो," म्हणाले.